पुतळ्याची एंडोस्कोपी

'तुमच्याकडे पुतळे पडतात का रे?' दादाचा हा मेसेज आला तेव्हा मी दक्षिण कोरियातल्या बुसानमध्ये, क्वांगबोक रस्त्यावरून योंगदुसान पार्कात नेणाऱ्या सरकत्या जिन्यावर उभा होतो. ऑगस्ट 2024 चा शेवटचा शनिवार. त्याच आठवड्यात, 26 तारखेला, मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पुतळा कोसळला होता. नौदल दिनाला, 4 डिसेंबर 2023 ला अनावरण झालेला, म्हणजे पुरते नऊ महिनेही उभा न राहिलेला.

तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. आधी वारा की गंजलेले बोल्ट, मग राजीनामा कुणी द्यायचा, मग मे 2025 मध्ये त्याच जागी आधीपेक्षा उंच पुतळा उभा राहिला तेव्हा दादाचं 'आता बोला!'. अधूनमधून अरबी समुद्रातलं स्मारक डोकं वर काढतं. त्याचं जलपूजन 24 डिसेंबर 2016 ला झालं होतं. उंचीचे आकडे आमच्या काकांना शेअरच्या भावासारखे पाठ आहेत.

परदेशात बसून घरच्यांना अक्कल शिकवणं सोपं असतं, हे कबूल. पण ज्या पार्कात मी दर शनिवारी जातो, तिथेही समुद्रावर लढलेल्या एका सेनापतीचा पुतळा आहे, आणि दादाचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

योंगदुसान म्हणजे ड्रॅगनच्या डोक्याचा डोंगर. डोंगर कसला, टेकाडच. वर 1973 साली बांधलेला 120 मीटरचा मनोरा, एक फुलांचं घड्याळ, झाडाखाली चांगी, म्हणजे कोरियन बुद्धिबळ, खेळत बसलेले आजोबा, आणि ई सुन-शिनचा पुतळा. खरं तर नुसतं नाव घेतलेलं इथे कुणाला फारसं रुचत नाही, चुंगमुगोंग म्हणायचं, हा त्याला मरणोत्तर मिळालेला किताब. जसं आपण नुसतं 'शिवाजी' म्हटलं की समोरचा लगेच दुरुस्त करतो, तसंच.

हे गृहस्थ 1545 चे. 1592 मध्ये जपानने कोरियावर स्वारी केली तेव्हा जमिनीवर दाणादाण उडाली होती आणि समुद्रावर हा माणूस एकेक लढाई जिंकत होता. त्याच वर्षी तो बुसानच्या बंदरावर चालून आला. त्या लढाईच्या आठवणीत 5 ऑक्टोबर हा बुसानकरांचा दिवस म्हणून पाळतात. पुढे 1597 मध्ये राजानेच त्याला पकडून कैदेत टाकलं, हाल केले, पद काढून साधा शिपाई केलं. त्याच्या जागी आलेल्याने आरमार बुडवलं, तेव्हा त्यालाच परत बोलावलं. उरलेली तेरा जहाजं घेऊन त्याने म्योंगन्यांगच्या खाडीत शंभराहून जास्त जपानी जहाजांना अडवलं. 1598 मध्ये शेवटच्या लढाईत गोळी लागून गेला. शंभर वॉनच्या नाण्यावर त्याचा चेहरा आहे. आमच्या इथल्या सुपरमार्केटात ढकलगाडी सोडवायला तेच नाणं लागतं, त्यामुळे राष्ट्रपुरुष दर आठवड्याला माझ्या खिशात असतो आणि भाजी आणायला मदत करतो. यात कुणाला अवमान वाटत नाही.

पण मला सांगायचंय ते या टेकाडाबद्दल. 1678 पासून इथे पायथ्याशी जपानी व्यापाऱ्यांची वखार होती. पुढे जपानी राजवटीत टेकडीवर त्यांचं शिंतो देऊळ होतं. 1945 मध्ये देश सुटला आणि देऊळ जळालं. मग कोरियन युद्ध आलं, बुसान तात्पुरती राजधानी झालं, आणि उत्तरेतून आलेल्या निर्वासितांनी टेकडी झोपड्यांनी भरून टाकली. डिसेंबर 1954 मधल्या आगींत त्या झोपड्या गेल्या, आणि पायथ्याच्या गोदामात जपून ठेवलेली जुन्या राजांची बहुतेक चित्रंही गेली. त्यानंतर वर्षभरात, 1955 मध्ये, हा पुतळा उभा राहिला. त्याच दशकात पार्काचं नाव बदललं. 'उनाम पार्क'. उनाम म्हणजे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांचं टोपणनाव. माणूस हयात, खुर्चीवर, आणि पार्क त्याच्या नावाचं.

हे मला चांगी खेळणाऱ्या एका आजोबांनी सांगितलं. माझं कोरियन तोडकं, त्यांचा बुसानी हेल जाड, त्यामुळे दोनदा सांगावं लागलं. 1960 च्या एप्रिलमध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले, री पळाले, पार्काला जुनं नाव परत मिळालं. सोलमध्ये तर लोकांनी त्यांचा पुतळा दोर बांधून ओढून पाडला. 'मग इथला चुंगमुगोंग?' मी विचारलं. आजोबांनी प्यादं पुढे सरकवलं आणि म्हणाले, 'त्याला कशाला हात लावायचा? त्याने थोडंच सांगितलं होतं, मला उभा करा म्हणून?'

मी दादरचा. माझ्या लहानपणाचं पार्क म्हणजे शिवाजी पार्क. 1925 चं मैदान, आणि 1927 मध्ये महाराजांच्या जन्माला तीनशे वर्षं झाली म्हणून हे नाव. हिशोब अर्थातच 1627 चा. पुढे सरकारने 1630 ची तारीख धरली, पण मैदान तेच राहिलं, कट्टाही तोच. 2020 मध्ये नावात 'छत्रपती' आणि 'महाराज' घातले. आमच्या घरात अजूनही 'पार्कात जातो' एवढंच म्हणतात, आणि त्यात आदर कमी आहे असं आमच्या आईला कुणी सांगून बघावं.

कोरियन लोक फार शहाणे आहेत असंही नाही. सोलमधला ई सुन-शिनचा मोठा पुतळा 1968 चा, पार्क चुंग-ही यांच्या लष्करी धाटणीच्या राजवटीतला. तलवार उजव्या हातात का, ती तर हरलेल्याची खूण, तलवार जपानी वळणाची का, चिलखत चिनी का, यावर तिथे अनेक दशकं वाद झाले आहेत. 2014 मध्ये म्योंगन्यांगच्या लढाईवर एक चित्रपट आला, त्यात एका सरदाराला खलनायक दाखवला म्हणून त्याच्या आजच्या वंशजांनी पोलिसांत तक्रार केली. चारशे वर्षांनी! भावना त्यांच्याही दुखावतात.

पण 2010 मध्ये तो सोलचा पुतळा आतून खराब झालाय का, हे पाहायला त्याची चक्क एंडोस्कोपी केली. पोटात नळी घालून कॅमेऱ्याने. मग क्रेनने उचलून कारखान्यात नेला, सुमारे चाळीस दिवस डागडुजी केली आणि वर्ष संपायच्या आत परत आणून उभा केला. तोवर चबुतऱ्यावर पुतळ्याचं चित्र लावलं होतं. सेनापती रजेवर आहेत म्हणून कुणी रडलं नाही. 'पुतळा पडतो का?' या दादाच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे: पडायच्या आधी दवाखान्यात नेतात.

उंचीचंही तसंच. मुंबईत जलपूजन झालं, त्यानंतर चारच दिवसांनी, 28 डिसेंबर 2016 ला, बुसानमध्ये जपानच्या वाणिज्य दूतावासासमोर एक पुतळा बसवायला लोक जमले. योंगदुसानपासून फार लांब नाही ती जागा. खुर्चीवर बसलेली अनवाणी मुलगी, शेजारी एक रिकामी खुर्ची. जपानी सैन्याने युद्धात ज्या मुलींना लैंगिक गुलाम केलं, त्यांच्या आठवणीसाठी. प्रशासनाने ती तिथल्या तिथे उचलून नेली. लोक इतके भडकले की दोन दिवसांत परत आणून बसवावी लागली. जानेवारीत जपानने आपला राजदूत माघारी बोलावला. बसलेली मुलगी ती, उंची धरली तर माझ्या छातीपर्यंतही येणार नाही. थंडीत कुणीतरी तिला विणलेली टोपी आणि मफलर घालून जातं.

काका म्हणतील, आमच्या महाराजांशी कसली बरोबरी करतोस. नाही करत. ई सुन-शिनची रोजनिशी शिल्लक आहे, 2013 मध्ये युनेस्कोच्या यादीतही गेली. त्यात लढाया आहेत तशी पोटदुखी आहे, रात्रभर आलेला घाम आहे, आई गेल्याचं आणि धाकटा मुलगा मारला गेल्याचं दुःख आहे. इथे शाळकरी मुलंही या सेनापतीला आजारी पडलेला ओळखतात. आपल्याकडे महाराजांची रोजनिशी नाही. पण पत्रं आहेत. चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं ते एक पत्र मी शाळेत पाठ केलं होतं: रात्री दिवा जळता ठेवाल, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, घोडी मरतील. राज्य उभं करणारा माणूस उंदराने नेलेल्या वातीची काळजी करतोय.

तो उतारा मी ग्रुपवर टाकला, खाली राजकोटच्या गंजलेल्या बोल्टची बातमी. अर्ध्या तासाने आईचा अंगठा आला. काकांनी नव्या पुतळ्याचा ड्रोनने काढलेला व्हिडिओ टाकला. दादाने विचारलं, 'तुमच्या त्या टेकडीवरचा केवढा आहे रे?' वर बघून अंदाज सांगणार होतो, पण आजोबा डाव मांडून बसले होते आणि मला हाक मारत होते.