बाळंतविडा सोडवून आणण्याची सोपी पद्धत

परदेशात बाळंत होण्याचा विचार असेल, तर डॉक्टर, दवाखाना, पाळणाघर असल्या किरकोळ गोष्टी मागाहून बघा. आधी आजीच्या नावाचं बिलबुक छापून घ्या. शिक्क्यासकट.

मी घेतलं नाही. म्हणून गेल्या महिन्यात तीन महिन्यांचं पोर पोटाशी बांधून, दोन बस बदलून, जर्मनीतल्या आमच्या गावापासून बऱ्याच लांब असलेल्या कस्टम्सच्या कचेरीत जाऊन आले. टपालाने आलेला बाळंतविडा घरी न येता तिकडे बसला होता आणि घरी फक्त चिठ्ठी आली होती: बिल आणि ओळखपत्र घेऊन या. तुमच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून अनुभवाचे चार बोल.

पहिलं म्हणजे, प्रेम बेताचं करायला सांगा. युरोपात बाहेरच्या देशातून खासगी माणसाने खासगी माणसाला फुकट पाठवलेली भेट ४५ युरोंपर्यंत करमुक्त असते. त्यातही ती ‘अधूनमधून’ पाठवलेली हवी. नेमाने जीव लावणाऱ्यांची इथे गय नाही. आजीला समजावून सांगा की तुझी माया साडेचार हजार रुपयांच्या आत बसव. तिथून पुढे सातशे युरोंपर्यंतच्या मायेवर जर्मनीत सरसकट साडेसतरा टक्के लागतात.

दुसरं, पार्सल करायला मामाला पाठवू नका. आमच्या मामाला वाईत काउंटरवर विचारलं, “किंमत काय लिहू?” गहाळ झालं तर तेवढी भरपाई मिळेल, असं वाटल्यावर मामाचा हात कशाला आखडतोय! भाचीचं पहिलं बाळंतपण. “लिहा दहा हजार.” झबली, टोपडी, कुंची, दुपटी, गोधडी, डिंकाचे लाडू, बाळगुटीची पुडी, सगळं मिळून एकाच ओळीत ‘बाळाचे कपडे, दहा हजार’. म्हणजे साधारण शंभर युरो. कराचा हिशेब करायला बोटंसुद्धा लागत नाहीत.

तूप असलेलं काहीही मागवू नका. बाहेरून खासगी पार्सलमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला युरोपात बंदी आहे. गाईचं तूप आणि गाय एकाच पंगतीत बसवली आहेत. माझ्या डिंकाच्या लाडवांवर दोन साहेबांची दहा मिनिटं चर्चा झाली. शेवटी ‘गोड पदार्थ’ म्हणून सुटले बिचारे.

नारळ मात्र बिनधास्त मागवा. अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर या पाच फळांना झाडांच्या रोगांबाबतच्या दाखल्यातून सूट आहे. ओटी भरायची तेवढी सोय झाली.

बाळगुटीबद्दल विचारलं तर काय सांगायचं, ते मला अजून सापडलेलं नाही. वेखंड, मुरडशेंग, हिरडा, हळकुंड अशी वाळकी लाकडं टेबलावर मांडून साहेबांनी विचारलं, “हे औषध आहे का?” हो म्हटलं, तर खासगी माणसाने बाहेरच्या देशातून टपालाने औषध मागवायला जर्मनीत मनाई. नाही म्हटलं, तर “मग बाळाला का देता?” गुटी तिथेच राहिली. साहेबांना जंत झाले तर उपयोगी पडेल.

आता गोधडी.

गोधडी मागवणार असाल, तर त्याआधी तिच्यात गेलेल्या प्रत्येक साडीचं मूळ बिल शोधून ठेवा. आमच्या गोधडीत आत आजीची दोन सुती नऊवारी लुगडी आहेत, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली. वरचा पदर माझ्या आईच्या डोहाळजेवणातल्या हिरव्या साडीचा. म्हणजे ज्या डोहाळजेवणात मी पोटात होते, त्यातला. ही बिलं मिळतील का बघा. दुकान बहुधा बंद झालेलं असेल आणि दुकानदार वर गेला असेल. तरी एक मेल टाकून ठेवा.

“बिल कुठे आहे?” साहेब म्हणाले. अगदी नम्रपणे म्हणाले, तक्रार करायला जागा नाही. मी म्हटलं, विकत घेतलेलीच नाही, आजीने शिवलीय. “मग ऑनलाइन पैसे भरल्याचा पुरावा?” मी पुन्हा सांगितलं, आजी. हाताने. जुन्या साड्यांची. साहेबांनी गोधडी उलटीसुलटी केली, धावदोऱ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “हे हाताचं काम आहे. हाताचं काम इथे महाग असतं. दहा हजार रुपये कमीच लिहिलेत की काय?”

म्हणजे बघा, जुनेर म्हणून किंमत कमी होईल म्हणावं, तर हातकाम म्हणून वाढते. टाके वाकडे घालायला सांगावेत, तर ब्याऐंशीव्या वर्षी आणखी किती वाकडे घालणार ती? सुई ओवून द्यायला शेजारची मुलगी येते. दोन महिने रोज दुपारी ओसरीवर बसून घातलेले टाके. त्याची मजुरी धरायची तर किती धरायची, सांगा की साहेब! किमान वेतनाने धरलीत, तर मला घर विकावं लागेल. घर भाड्याचं आहे.

आणि कापड नवं की जुनं? वापरलेलं. कोणी वापरलेलं? तिनेच. किती वर्षं? असल्या प्रश्नांना फॉर्मवर रकाना नाही. रकाना फक्त आकड्याला आहे, आणि आकडा मामाने भरून ठेवलेला.

संध्याकाळी फोनवर आजीला सांगितलं, बिल मागत होते. ती म्हणाली, “का गं, विकत घ्यायची म्हणतायत का?”

उपाय म्हणाल तर एकच, जो आपण सगळेच करतो: ग्रुपवर टाकायचं, ‘पुण्याहून कोणी येणारं आहे का?’ विमानाने येणाऱ्या माणसाला ४३० युरोंपर्यंतची सूट आहे. तीच गोधडी, तेच टाके, पण सूटकेसमधून आली की जवळजवळ दसपट निर्मळ. अडचण एवढीच की येणाऱ्या मुलाकडे तेवीस किलोची परवानगी असते आणि त्यातले एकवीस त्याच्या आईने भरलेले असतात.

नाहीतर आजीचं चीनमध्ये दुकान टाकायला हवं होतं. थट्टा नाही. २०२४ साली दीडशे युरोंपर्यंतच्या ऑनलाइन मालावर आयात शुल्क नव्हतं, विक्रीकर संकेतस्थळावरच कापला जायचा आणि पाकीट थेट दारात. त्या एका वर्षात असली ४६० कोटी पाकिटं युरोपात आली, शंभरातली एक्क्याण्णव चीनमधून. रोजची सव्वा कोटीच्या आसपास. त्यातलं कितवं पाकीट उघडून कोणी त्यातल्या शिलाईवरून बोट फिरवलं हो? धुतला की विरणारा टीशर्ट गुपचूप आत येतो आणि माझ्या आजीच्या गोधडीची उलटतपासणी होते. भेटीची मर्यादा २००६ च्या युरोपीय नियमातही ४५ युरोच होती. तेव्हापासून टपालाचे दर वाढले, घरभाडी वाढली, बसचं तिकीट वाढलं, आणि आजीने नातीला किती द्यावं याचा आकडा तिथल्या तिथे. कर लावा ना, कोण नाही म्हणतंय! धंदा करणाऱ्याला लावा, भेट म्हणून माल खपवणाऱ्याला पकडा. पण समोर पोर रडतंय, टेबलावर टोपडी-कुंची पसरलीय, हा धंदा नव्हे हे दिसत असताना बाईकडे बिल कसलं मागता? वापरा की डोळे!

भरले साडेसतरा युरो. पावती मिळाली. आता गोधडीचं बिल आहे माझ्याकडे.

राग त्याचाही नाही इतका. राग आमच्या मावसभावाचा आहे. त्याला मी सहज बोलले आणि त्याने वाईला गेल्यावर आजीला सगळा हिशेब रुपयांत करून सांगितला. परवा मामाने माझ्या पुण्याच्या खात्यात अठराशे रुपये टाकले. आजीने दिलेत म्हणे, तिच्या श्रावणबाळ योजनेच्या पैशांतले. “माझ्यापायी पोरीला भुर्दंड नको.” आणि दुसरी गोधडी बेतली होती थंडीसाठी, ती उसवून ठेवली.

अरे, तुला कोणी सांगायला सांगितलं होतं? तोंड बंद ठेवता येत नव्हतं? आता तूच जा वाईला आणि तिला सांग, कर माफ झाला म्हणून. आणि सुईत दोरा ओवून दे.