‘12 लाखांचं पॅकेज म्हणजे महिना लाख हातात’: खुलासा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 12 लाखांच्या पॅकेजवर कर शून्य, म्हणजे मुंबईत दरमहा लाख रुपये हातात. पहिलं खरं, दुसरं नाही. नव्या करप्रणालीत 2025-26 पासून एवढ्या पगारावर प्राप्तिकर लागत नाही. पण पॅकेज म्हणजे हातात येणारा पगार नव्हे.

मूळ वेतन महिना 50,000 धरा. कंपनीचा पीएफचा वाटा 6,000 आणि ग्रॅच्युइटीचे (बऱ्याच वर्षांच्या नोकरीनंतर सोडताना मिळणाऱ्या रकमेचे) सुमारे 2,400 बहुतेक ठिकाणी पॅकेजमध्येच मोजलेले असतात. मग तुमचा पीएफ 6,000, व्यवसाय कर 200 (फेब्रुवारीत 300). खात्यात येतात साधारण 85,400. पीएफ बुडत नाही, तो तुमचाच. पण त्यातून घरभाडं भागत नाही.

खरी ओढाताण पहिल्या महिन्यात. भाडं 35,000 आणि डिपॉझिट तीन महिन्यांचं ठरलं, तर 1,05,000 डिपॉझिट, 35,000 दलाली, 35,000 आगाऊ भाडं: किल्ली मिळण्याआधीच 1,75,000 गेले. वर 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स (घरभाड्याच्या) करारावर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे इथे हजाराच्या आसपास, आणि नोंदणीचे 1,000. हे दोन हजार वाचवायला जाऊ नका. डिपॉझिटवरून वाद झाला की हाच कागद कामी येतो.

म्हणून गावाहून निघताना हाती येणाऱ्या दोन पगारांहून जास्त पैसे गाठीशी हवेत, आणि ऑफर स्वीकारण्याआधी कंपनीकडून पगाराची महिनावार फोड लेखी मागून घ्या.