‘करण्यात आले’ म्हणजे वस्तुनिष्ठ नव्हे

संशोधक विद्यार्थ्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरत असतो: ‘शोधनिबंधात मी, आम्ही नको. सगळीकडे कर्मणी प्रयोग करा, म्हणजे लेखन वस्तुनिष्ठ होते. विज्ञानाची परंपराच ती आहे आणि नियतकालिके दुसरे काही घेत नाहीत.’ हा सल्ला मुळातच चुकतो.

आधी व्याकरण पाहू. ‘मी नमुना तपासला’, ‘मी चाचणी घेतली’, ‘मी पाणी उकळले’. क्रियापद कर्माप्रमाणे बदलते आहे, म्हणजे हा कर्मणी प्रयोगच झाला, आणि ‘मी’ त्यात ठळकपणे हजर आहे. उलट ‘तापमान वाढले’ हे कर्तरी, पण त्यात ‘मी’ कुठेच नाही. सल्ला देणाऱ्यांना खरे तर ‘तपासण्यात आले’ हवे असते, म्हणजे कर्ताच पुसायचा असतो.

त्याने वस्तुनिष्ठता येते, हे म्हणणे मला सर्वांत घातक वाटते. एका मसुद्यात वाक्य होते: ‘१२ प्रतिसाद विश्लेषणातून वगळण्यात आले.’ कोणी वगळले, असे विचारल्यावर विद्यार्थिनी म्हणाली, ‘मीच. अर्धवट भरलेले होते.’ किती प्रश्न अनुत्तरित राहिले की प्रतिसाद अर्धवट धरायचा, हेही तिनेच ठरवले होते आणि कारण रास्त होते. पण ‘वगळण्यात आले’ म्हटल्यावर तो निर्णय आपोआप घडल्यासारखा दिसला आणि निकष लिहायचा राहूनच गेला. ‘मी १२ प्रतिसाद वगळले’ असे लिहून बघा, पुढे ‘कारण’ लिहिल्याशिवाय हात थांबत नाही. ‘असे मानले जाते’ याचीही तीच गत. कोण मानते? संदर्भ द्या, नाहीतर वाक्य काढा.

परंपरा म्हणाल, तर न्यूटनने प्रकाश आणि रंगांवरच्या १६७२ मधल्या लेखात काचेचा त्रिकोणी लोलक आपण मिळवला, हे प्रथमपुरुषातच सांगितले आहे. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा १९५३ चा निबंध तर ‘आम्ही’नेच सुरू होतो. तो छापणारे ‘नेचर’ हे नियतकालिक आजही लेखकांना ‘आम्ही प्रयोग केला’ अशी थेट रचना सुचवते. तुमच्या विद्यापीठाचा नियम वेगळा असेल तर तो जरूर पाळा, पण तो तिथला नियम आहे, विज्ञानाचा नव्हे.

आणि हो, ‘द्रावण ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवण्यात आले’ हे वाक्य उत्तम आहे. बर्नर कोणी पेटवला याच्याशी वाचकाला काही देणेघेणे नसते. तापमान ६० अंशच का ठेवले, हे सांगताना मात्र तिथे ‘आम्ही’ हवा.