शोध कोणीही लावेल, बातमी तुम्ही करा

शोध लावायला वर्षं लागतात, पैसा लागतो, आणि एवढं करून अनोळखी परीक्षक तुमच्या शोधनिबंधाची चिरफाड करतात ती वेगळीच. बातमी करायला एक फोन आणि पंधरा मिनिटं पुरतात. कुठल्या धंद्यात पडायचं हे सुज्ञास सांगणे न लगे. फक्त थोडी पथ्यं पाळा.

पहिलं पथ्य उंदराचं. औषधांच्या निबंधात तो हमखास भेटतो. त्याला शीर्षकात शिरू देऊ नका. ‘उंदरांच्या गाठी आकसल्या’ हे कोणी पुढे पाठवत नाही, ‘कर्करोगावर औषध सापडलं’ हे सगळे पाठवतात. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्या औषधांपैकीसुद्धा दहातली नऊ बाजाराचं तोंड बघत नाहीत, हे सांगून सकाळी सकाळी लोकांचा विरस कशाला करायचा? उंदराला नवव्या परिच्छेदात बसवा. तिथवर कोणी येत नाही.

ऊर्जेच्या बातमीत सगळी करामत मीटर कुठे लावता यात आहे. ५ डिसेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्नियातल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटी या प्रयोगशाळेत १९२ लेझर झोतांनी इंधनाच्या इवल्याशा गोळीच्या दिशेने २.०५ मेगाज्यूल ऊर्जा सोडली आणि अणुकेंद्रकांच्या संमीलनातून (फ्यूजनमधून) ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली. मीटर गोळीपाशी लावा: दीडपट नफा! भिंतीतल्या सॉकेटपाशी चुकूनही लावू नका, कारण ते झोत तयार करायला वीजवाहिनीतून सुमारे ३०० मेगाज्यूल ओढले गेले होते. आणि तो नफा, १.१ मेगाज्यूल, म्हणजे विजेचं ०.३ युनिट. त्यात तीनेक लिटर पाणी उकळतं. शास्त्रज्ञ बिचारे ‘लक्ष्यावरचा लाभ’ असं जपून बोलत होते. त्यातला ‘लक्ष्यावरचा’ खोडा, की जगाचा वीजप्रश्न मिटला. प्रयोग खरोखरच ऐतिहासिक होता म्हणा, पण खऱ्या कारणासाठी कौतुक करायला फार लिहावं लागतं.

अतिवाहकाचा, म्हणजे विजेला शून्य रोध करणाऱ्या पदार्थाचा, विषय हाती लागला तर मात्र सोडू नका. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या एका गटाने एलके-९९ हा पदार्थ साध्या तापमानालाही अतिवाहक असल्याचं सांगून त्याची कृतीच जाहीर केली. लेड ऑक्साइड आणि लेड सल्फेट समप्रमाणात मिसळून ७२५ अंश सेल्सिअसला २४ तास भाजा. तांबं आणि फॉस्फरस तीनास एक घेऊन ५५० अंशांना ४८ तास. दोन्हींची पूड एकत्र करून निर्वात नळीत बंद करा आणि ९२५ अंशांना ५ ते २० तास ठेवा. जो काळपट खडा निघेल तो चुंबकावर ठेवा. एक टोक उचललं गेलं की लगेच व्हिडिओ काढा, दुसरं टोक टेकलेलंच असेल, ते चौकटीबाहेर जाऊ द्या. खरा अतिवाहक चुंबकीय क्षेत्राला बाहेर ढकलतो आणि पुरता अधांतरी राहतो. एक पाय टेकून उभं राहायला खड्यात थोडासा लोहचुंबकीय अंश असला तरी पुरतो. पण हे बघणाऱ्याला कशाला सांगायचं?

मग तापमानानुसार रोध कसा बदलतो त्याचा आलेख छापा. १०४ अंशांच्या आसपास रेघ धाडकन खाली येते, त्या जागी लाल बाण काढा. खाली येणं आणि शून्य होणं यांत फरक असतो, पण अक्षावरचे आकडे वाचतो कोण! इथे एकच खोडा आहे. सल्फेटमधलं गंधक आणि ते तांबं भट्टीत एकमेकांना गाठतात आणि कॉपर सल्फाइड तयार होतं. हे महाशय नेमके १०४ अंशांजवळ आपली स्फटिकरचना बदलतात आणि त्यांचा रोध एकदम पडतो. श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत गंधकाची भानगड टाळून शुद्ध स्फटिक वाढवले, तेव्हा ते जांभळे, पारदर्शक आणि चक्क विद्युतरोधक निघाले, रोध लाखो ओहम. पण ही बातमी ऑगस्टची. तुमची जुलैची होती. शर्यत तुम्हीच जिंकलात.

आकडे उलटे धरायलाही शिका. एप्रिल २०२५ मध्ये केम्ब्रिजच्या गटाने १२४ प्रकाशवर्षं दूरच्या के२-१८बी ग्रहाच्या वातावरणात डायमिथिल सल्फाइडच्या, किंवा त्याच्या भावंडाच्या, म्हणजे डायमिथिल डायसल्फाइडच्या खुणा दिसल्याचं सांगितलं. पृथ्वीवर हे रेणू मुख्यतः सजीवच बनवतात. खात्री तीन सिग्मा. म्हणजे तिथे असलं काहीही नसताना निव्वळ योगायोगाने असा संकेत उमटण्याची शक्यता ०.३ टक्के. तुम्ही लिहा: ‘परग्रहावर जीवसृष्टी, ९९.७ टक्के खात्री.’ बेरीज शंभरच भरते, गणितात चूक कोण काढणार? कणभौतिकीवाले पाच सिग्माशिवाय, म्हणजे पस्तीस लाखांत एकाशिवाय, ‘शोध’ हा शब्द तोंडातून काढत नाहीत. अशा संशयात्म्यांपासून लांब राहा. आणि डायमिथिल सल्फाइड ६७पी या धूमकेतूवरही सापडलाय, जिथे जीवसृष्टीचा मागमूस नाही, ते पोटातच ठेवा.

लघुग्रह हा तर मुदत ठेवीसारखा विषय, व्याज ठरलेलं. २०२४ वायआर४ डिसेंबर २०२४ मध्ये सापडला, आणि २२ डिसेंबर २०३२ ला तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता वाढत वाढत १८ फेब्रुवारी २०२५ रोजी ३.१ टक्क्यांवर गेली. ती वाढते याचं कारण साधं आहे. निरीक्षणं जमतात तसा त्याच्या संभाव्य मार्गाचा पट्टा आक्रसतो, आणि पृथ्वी त्या पट्ट्यात असेपर्यंत पट्ट्यातला तिचा वाटा मोठा होत जातो. मग एके दिवशी पट्ट्याची कडच पृथ्वीला ओलांडते आणि आकडा कोसळतो. इथे तो आठवड्याभरात जवळपास शून्यावर आला. चढताना रोज एक पोस्ट. उतरताना मौन.

कोणाचा आदर्श ठेवू नये तेही सांगतो. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा प्रयोगवाल्यांना ७३० किलोमीटरच्या प्रवासात न्यूट्रिनो हे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचलेले दिसले. हाती आइन्स्टाइनला खोटं पाडणारा आकडा, आणि ही मंडळी म्हणतात, आमची चूक शोधून द्या! शेवटी सापडली ती त्यांनाच: प्रकाशतंतूच्या केबलची जोडणी नीट बसली नव्हती. गप्प बसले असते तर?

माघार घ्यायची वेळ आलीच तर घाई नको. २ डिसेंबर २०१० रोजी नासाने पत्रकार परिषदेत डीएनएत फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक वापरणारा जिवाणू सादर केला. २०१२ मध्ये दोन गटांनी दाखवून दिलं की डीएनए स्वच्छ धुतला की आर्सेनिक त्यात उरत नाही, आणि फॉस्फेट पुरतं काढून घेतलं तर जिवाणू वाढतच नाही. मूळ प्रयोगातल्या क्षारांत फॉस्फेटचा अंश होता, त्यावर गडी गुजराण करत होता. ‘सायन्स’ नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला जुलै २०२५ मध्ये, तोही लेखकांचा विरोध असताना. चौदा वर्षं सात महिने. तेवढ्यात तुमचे चार फोन बदलून होतात, आणि तो जुना मेसेज कोणी पाठवला होता हे ग्रुपमध्ये कोणाच्या लक्षातही राहत नाही.