तिवर करपलेलं नाही, खाल्लं गेलंय : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. चार ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं अशी ती नाही, म्हणून सविस्तर लिहिते. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी नवी मुंबईत ऐरोलीच्या खाडीकाठी तिवरांवर, म्हणजे तिथल्या खारफुटीच्या झाडांवर, आलेल्या अळ्यांबद्दल लिहिलं होतं आणि औषध फवारू नये असं म्हटलं होतं. त्यावर काकांचं म्हणणं असं : "२२ वर्षं गॅलरीतून हे रान बघतोय. आज ते वणवा लागल्यासारखं तपकिरी झालंय. कुणीतरी खाडीत घाण पाणी सोडलंय आणि तुम्ही ते अळ्यांच्या नावावर खपवताय. अळ्याच असतील तर मग फवारणी का नको? रासायनिक नको तर शेतकरी वापरतात ती बुरशी मारा. घरात धागे लोंबतायत, नातीच्या हातावर पुरळ आलंय. अळ्यांचा पुळका पुरे."

आधी माझी चूक कबूल करते. "झाडाचं काहीही बिघडत नाही" असं मी लिहून गेले होते. ते चुकीचं होतं, लेखात आज दुरुस्ती केली आहे. ही अळी हायब्लिआ प्युरा नावाच्या पतंगाची. सागाची लागवड करणारे तिला पिढ्यानपिढ्या ओळखून आहेत, कारण सागाची कोवळी पालवी ती अशीच फस्त करते. केरळच्या वन संशोधन संस्थेने १९८०च्या दशकात सागाच्या तरुण लागवडीत मोजमाप केलं, तेव्हा अळीमुळे लाकडाची ४४ टक्के वाढ बुडते असं दिसलं. पानं गेली की नवी काढण्यासाठी झाडाला साठवणीतलं मोडून खावं लागतं, त्या वर्षी खोड तितकं जाड होत नाही. म्हणजे झाडाला किंमत मोजावी लागते, हे खरंच. पण सागाचा मालक घनफुटांत हिशेब करतो, म्हणून त्याला ते नुकसान सोसत नाही. खाडीतल्या तिवराकडे कुणी तशा नजरेने बघत नाही.

आता घाण पाण्याचं. काका, गॅलरीतून सगळं एकच तपकिरी दिसतं. जेट्टीच्या रस्त्याने चालत जाऊन जवळून बघा. तपकिरी झालंय ते फक्त तिवर. त्याला खेटून उभी असलेली चिपी, खारफुटीतलंच दुसरं झाड, हिरवीगार आहे, खाली मरांडीची काटेरी पानंही जशीच्या तशी आहेत. पाण्यात विष असतं तर त्याने असं झाड निवडून मारलं नसतं. अळी मात्र निवडते. सागाची आणि तिवराची पानं तिला चालतात, चिपीला ती फारसं तोंड लावत नाही. तिवराचं एखादं उरलेलं पान उलटून बघितलंत तर कडा दुमडून रेशमाने शिवलेली दिसेल. आत अळी असते किंवा ती गेल्यावर उरलेली जाळी. पानाचा हिरवा गर खरवडून घेतला की उरते ती वाळलेली शिरांची चाळण, तोच तुम्हाला दिसतो तो वणवा. हे ऐरोलीपुरतंही नाही. उत्तर ब्राझीलच्या किनाऱ्यावर तिवराच्याच भाऊबंदाला याच अळीने पार उघडं केल्याची नोंद २००५ साली प्रसिद्ध झाली आहे.

आणि त्या झाडांखाली उभं राहून कान दिलात तर बारीक पावसासारखा टपटप आवाज येतो. अळ्यांच्या लेंड्या पडत असतात. मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. एरवी तिवराचं पान पिकून गळतं तेव्हा झाडाने त्यातला बराचसा नत्र आधीच काढून घेतलेला असतो. खाली येतं ते निकस पान. चिखलात ते पडलं की त्यावर बुरशी आणि जिवाणू बसतात, हळूहळू ते मऊ करतात, आणि त्या बुरशीमुळेच ते पान चिंबोरी-कोळंबीच्या खाण्यालायक होतं. खाडीच्या ताटात तिवर पान वाढतं, पण शिजवते ती बुरशी. अळी हा क्रम मोडते. ती हिरवं पान खाते, ज्यातला नत्र झाडाने अजून काढलेला नाही, आणि तो लेंडीतून थेट चिखलात उतरतो. काही भरतीबरोबर जातो, काही तिथेच मुळांना परत मिळतो. त्याच दिवसांत मैना, कोतवाल आणि भारद्वाज दिवसभर त्या फांद्यांवर असतात. अळ्यांच्या आणि कोषांच्या पोटात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या आणि माश्याही येतात. अळ्यांची संख्या आपोआप कोसळते ती यामुळे, आणि कोवळं पान संपल्यामुळे.

फवारणीला विरोध का, तेही सांगते. अळी, कोळंबी आणि चिंबोरी हे तिन्ही संधिपाद प्राणी, एकाच मोठ्या कुळातले. अळीच्या मज्जातंतूंवर चालणारं औषध कोळंबीवरही चालतं. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं तर मासे आणि कोळंबी दोघांनाही अतिशय घातक आहेत. शेतातलं औषध शेतात राहील अशी आशा तरी असते. इथे दिवसातून दोनदा भरती येते आणि समोर ठाणे खाडी आहे, २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत असलेली, जिच्या गाळावर रोहित पक्षी चरतात आणि कोळी बांधव निवट्या धरतात.

बुरशीचा तुमचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. कृषी सेवा केंद्रात मिळते ती बिव्हेरिया बॅसियाना. तिचे बीजाणू अळीच्या कातडीवर रुजतात, आत शिरतात आणि अळी मरून पांढरी पडते. शेतात मी तिच्या बाजूची आहे. पण ती एकाच अळीपुरती नाही, कितीतरी जातींच्या कीटकांना ती लागते. तिवराच्या फुलांवर येणाऱ्या मधमाश्या आणि त्या उपयोगी गांधीलमाश्यासुद्धा तिच्या टप्प्यात येतात. शिवाय उघड्यावर कडक उन्हात तिचे बीजाणू फार टिकत नाहीत.

नातीबद्दल मात्र दुर्लक्ष करू नका. या अळीच्या अंगावर खाजरे केस नसतात. त्यामुळे पुरळ दुसऱ्या कशाने तरी आलं असावं असं मला वाटतं. तुमच्या आवारात शेवगा असेल तर त्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजके आहेत का ते बघा, आणि हात त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. घरात लोंबणारे धागे अळ्यांच्या रेशमाचे, ते झाडूने काढले की झालं. संध्याकाळी खाडीकडच्या खिडक्या लावल्यात तर पतंगही आत येणार नाहीत.

काका, तुमची काळजी मला परकी नाही. खाडीकाठची तिवरं मरताना मी पाहिली आहेत, पण ती अळीने मेली नव्हती. राडारोड्याचा भराव पडला, भरतीचं पाणी आत अडकलं आणि ओहोटीला बाहेर गेलंच नाही. तिवराची श्वासमुळं चिखलातून बोटभर वर येतात ती हवेसाठी. ती आठवडेच्या आठवडे पाण्याखाली राहिली की झाड गुदमरतं. तिथे पानं खाल्लेली नसतात, पिवळी पडून गळतात, आणि चिपीसुद्धा वाचत नाही. असं कुठे दिसलं तर फोटो काढा आणि वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे तक्रार करा. मीही सही करायला येईन.

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रस्त्यालगतच्या १२ उघड्या झाडांना मी सुतळी बांधून ठेवली होती. दिवाळीनंतर गेले तेव्हा बाराही झाडांवर पोपटी पालवी होती, दोघांच्या फांद्या मात्र शेंड्याला वाळल्या होत्या. सुतळ्या अजून तिथेच आहेत. येत्या रविवारी सकाळी ओहोटी असताना मी जाणार आहे, तुम्ही या. वाळल्यासारखी दिसणारी एखादी काडी नखाने किंचित खरवडून बघू, आत हिरवं आहे की नाही ते.