स्थळ चांगलं आहे, गुन्हा रजिस्टर तेवढं बघून घ्या

मुलगा तालुक्याच्या गावापासून सात किलोमीटरवरचा, एकुलता एक, बारा एकर बागायत, दारात काळ्या काचांची पांढरी गाडी, व्यवसाय ‘बिल्डिंग मटेरियल’. मध्यस्थ म्हणतात, मुलगा निर्व्यसनी आहे आणि घराणं नाव असलेलं आहे. तुम्ही पुण्यात बसून विचार करताय की हे नाव नक्की कुठकुठल्या कागदावर आहे. शंका रास्त आहे, कारण वाळूही बिल्डिंग मटेरियलमध्येच मोडते.

घाबरू नका. आपल्याकडे न्यायालयं खुली आहेत, एफआयआर संकेतस्थळावर असतात, माहितीचा अधिकार आहे. एका होणाऱ्या जावयाचा पूर्वेतिहास काढायला वेळ तो कितीसा लागणार? मुलगी अजून बारावीत असेल तर आजच सुरुवात करा.

आधी मुलाचं खरं नाव मिळवा. वाटतं तितकं हे सोपं नाही. गावात तो बंटीशेठ आहे, फ्लेक्सवर ‘बंटीभाऊ’ आहे, पत्रिकेत जन्मनाव वेगळंच आहे आणि आधार कार्डावरचं नाव त्याच्या आईलाही चटकन आठवत नाही. पूर्ण नाव मिळालं तरी हुरळून जाऊ नका. अर्ध्या गावाचं आडनाव एक, आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत, त्यामुळे त्याच नावाचे, त्याच वडिलांच्या नावाचे आणखी दोघे तरी गावात निघतात. त्यांतला एक कीर्तनकार असतो.

नाव हाती आलं की राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर जा. तिथे ‘प्रकाशित एफआयआर’ असं दालन आहे. ते कुणाला उत्साह आला म्हणून उघडलेलं नाही. ७ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर सांगितलं की एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाका, दुर्गम भागात नेटची अडचण असेल तर फार तर ७२ तास घ्या. तुम्ही जिल्हा निवडायचा, पोलीस ठाणं निवडायचं, तारीख टाकायची. म्हणजे होणाऱ्या जावयाने कोणत्या ठाण्याच्या हद्दीत, कोणत्या सुमारास काही केलं होतं एवढं तुम्हाला आधीच ठाऊक असेल, तर त्याने काय केलं ते संकेतस्थळ तुम्हाला लगेच सांगेल. लैंगिक अत्याचाराचे आणि तसेच संवेदनशील गुन्हे तिथे टाकले जात नाहीत. पीडितेची ओळख जपायलाच हवी, त्यात चेष्टेचं काही नाही. पण तुम्हाला ज्या गोष्टीची सर्वांत जास्त धास्ती आहे ती तिथे दिसली नाही, म्हणून पेढे वाटू नका.

एक मात्र कबूल करायला हवं, वाचनानंद भरपूर. संध्याकाळभर वाचत बसलात तर तालुक्याचं सगळं अर्थशास्त्र कळतं. विहिरीवरची मोटार चोरीला, केबल चोरीला, मोटारसायकलचा कट मारल्याच्या कारणावरून लाकडी दांडक्याने मारहाण, ‘नमूद आरोपी याने शिवीगाळ दमदाटी करून जिवे मारण्याची धमकी दिली’, आणि बाजारतळावर टपरीच्या आडोशाला कल्याण मटक्याच्या चिठ्ठ्या व रोख सातशे वीस रुपये. वाळूचा गुन्हाही सापडेल. त्यात चालकाचं नाव, वय, पत्ता, सगळं असतं. मालकाच्या रकान्यात ‘नाव माहीत नाही’ असतं. हायवा डंपरच्या काचेवर मालकाचं नाव चार फुटी अक्षरांत रंगवलेलं असतं, पण पंचनामा रात्रीचा असतो आणि बॅटरीचा उजेड तिथवर पोचत नाही.

कलमांची उजळणी करून बसा. तुमची सगळी कायदेशीर साक्षरता ३०२, ३०७ आणि ४२० या तीन आकड्यांवर उभी आहे आणि १ जुलै २०२४ पासून ती निकामी झाली आहे. भारतीय न्याय संहितेत खून १०३ मध्ये आहे, फसवणूक ३१८ मध्ये. नवीन ३०२ हे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारण्याचं कलम आहे. तेव्हा त्या तारखेनंतरच्या गुन्ह्यात जुन्या सवयीने ३०२ बघून स्थळ मोडू नका, मुलगा चौकात नको ते बोलला असेल इतकंच. आणि १०३ बघून ‘कलम लहान आहे’ म्हणून साखरपुडाही उरकू नका.

आता ई-कोर्ट्सकडे, म्हणजे न्यायालयांतल्या खटल्यांच्या संकेतस्थळाकडे वळा. राज्य, जिल्हा, न्यायालय संकुल निवडा आणि पक्षकाराचं नाव टाका. वर्षही टाकावं लागतं, ते एका वेळी एकच. मुलगा एकोणतीस वर्षांचा असेल तर अठराव्या वर्षापासून धरून चालू करा, आणि दर वर्षाला ती वाकडीतिकडी अक्षरं ओळखून आपण यंत्र नाही हे सिद्ध करत राहा. नाव बहुतेक ठिकाणी इंग्रजीत चढवलेलं असतं. ज्ञानेश्वर हा ‘डी’ने सुरू होतो की ‘जी’ने, हे त्या दिवशी टंकलेखन करणाऱ्यावर अवलंबून होतं. वैभवच्या बाबतीत ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांच्यावर समान विश्वास ठेवा. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो आणि तो टाकला की सगळं क्षणात उघडतं. तो क्रमांक आरोपीकडे असतो. होणाऱ्या जावयाला फोन करून मागायला हरकत नाही.

यादी उघडली की आर.सी.सी. आणि एस.सी.सी. ही अक्षरं दिसतील. पहिला म्हणजे नियमित फौजदारी खटला, तो वर्षानुवर्षं ‘समन्सच्या प्रतीक्षेत’ असतो, कारण एकाच गावात राहणारा साक्षीदार समन्स घेऊन जाणाऱ्या शिपायाला कधीच घरी भेटत नाही. दुसरा म्हणजे संक्षिप्त, एका तारखेत निकाली. दिवाळीत पिंपळाखाली तिरट खेळताना सापडलेला शेतमजूर तुम्हाला याच यादीत भेटेल. १८८७ च्या जुगार कायद्याचं कलम १२(अ), गुन्हा कबूल, दंड भरला. त्याला वकील परवडत नव्हता, तारखा परवडत नव्हत्या, रोज बुडवणं त्याहून परवडत नव्हतं, म्हणून त्याने मान डोलावली. जिल्ह्यातला सर्वांत स्वच्छ, सर्वांत पूर्ण आणि सर्वांत चटकन सापडणारा गुन्हेगारी पूर्वेतिहास या माणसाचा आहे. दुर्दैवाने त्याचं स्थळ तुमच्याकडे आलेलं नाही.

ज्याचं आलंय त्याचे कागद वेगळ्या कपाटात असतात. अदखलपात्र तक्रार झाली असेल, म्हणजे ‘एनसी घेतली’ असेल, तर ती प्रकाशित एफआयआरमध्ये दिसणार नाही, कारण ती एफआयआरच नव्हे. चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याची हमी लिहून घ्यायची कारवाई, झाली असेल तर ती तालुका दंडाधिकाऱ्यांपुढे, म्हणजे तहसीलदारांकडे चालते, ई-कोर्ट्सवर नाही. तहसीलदार त्याच दिवशी सातबारा, दुष्काळी अनुदान, निवडणूक आणि मंत्र्यांचा दौराही बघत असतात. वाळूचा दंड महसूल खात्याच्या दप्तरात. आंदोलनात बस फोडली असेल तर तो गुन्हा ‘राजकीय व सामाजिक’ ठरून शासन निर्णयाने मागे घेतला गेलेला असू शकतो. आणि मारामारी गावातच झाली असेल तर बहुधा कुठेच काही नाही. १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली. भांडणं गावातच मिटवा, बक्षीस मिळवा. हेतू उत्तम, आणि कित्येक ठिकाणी बांधाची वीस-वीस वर्षांची भांडणं खरोखर मिटलीही. पण ज्याचं डोकं फुटलं त्याला समितीने मारुतीच्या पारावर बसवून समजावलं असेल, तर त्या टाक्यांची नोंद फक्त दवाखान्यात सापडते. वेशीवर ‘तंटामुक्त गाव’ असा फलक दिसला की थोडं जास्त विचारा.

एवढ्यावर तुमचा संयम सुटेल आणि तुम्ही म्हणाल, मी माहितीच्या अधिकारात अर्ज करतो. जरूर करा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, विषय एकच ठेवा आणि मजकूर दीडशे शब्दांत बसवा, राज्याच्या २०१२ च्या नियमांत तसंच आहे. तीस दिवसांत उत्तर येणं बंधनकारक आहे आणि ते येतंही. तपास चालू असेल तर कलम ८(१)(ज)प्रमाणे माहिती नाकारली जाते, तपासाला बाधा येईल म्हणून. तपास संपला असेल तर वैयक्तिक माहिती म्हणून त्याच कलमाच्या (ञ) या उपकलमाखाली नाकारली जाते, आणि २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने ते उपकलम आणखी आवळलं आहे. दोषारोपपत्र बघायला मागाल तर सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०२३ रोजीच सांगून टाकलंय की तो सार्वजनिक दस्तऐवज नाही. पहिलं अपील त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर असतं. दुसरं राज्य माहिती आयोगाकडे, त्याची सुनावणी लागेपर्यंत नातवाचं बारसं झालेलं असेल. अर्ज वाया मात्र जात नाही. तुमचा अर्ज ठाण्यात पोचल्याचं मुलाच्या घरी त्याच संध्याकाळी कळतं, तुमच्या नाव-पत्त्यासह.

सरळ मार्ग हवा असेल तर पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मिळतं, ऑनलाइन अर्ज करता येतो. अट इतकीच की ज्याचं चारित्र्य त्यानेच अर्ज करायचा. पत्रिका मागताना जोडीने हेही मागून बघा. पोह्यांची बशी तुमच्या हातातून काढून घेतली जाते की नाही, त्यावरून बरंच कळेल.

पोलीस पाटलांना भेटावं का? भेटा. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली गावात गुन्हेगारीचं काय चाललंय याची खबर ठेवणं हे त्यांचं कामच आहे आणि त्यांना सगळं ठाऊकही असतं. ते तुम्हाला चहा पाजतील, ऊस किती टनाने गेला ते सांगतील, मुलाच्या आजीने पंढरीच्या किती वाऱ्या केल्या तेही सांगतील. मुलाबद्दल म्हणतील, ‘पोरगं तसं गुणी हाय.’ त्या ‘तसं’पाशी थांबू नका, पुढे काही मिळणार नाही. तेही त्याच भावकीतले आहेत.

खरं दप्तर भावकीच्याच दुसऱ्या टोकाला आहे. बांधावरून अबोला धरलेला एक चुलता प्रत्येक घराण्याला दिलेला असतो. तो शोधा. मळ्यात एकटा राहतो, घराला कंपाउंड नवीन असतं आणि दारात कॅमेरा असतो. त्याला नुसतं म्हणा, ‘तुमच्या पुतण्याला आमची मुलगी द्यायचा विचार आहे.’ तो बाज ओढेल, बसा म्हणेल आणि आतून प्लास्टिकची पिशवी आणेल. तीत गु.र.नं., म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर असतो, वर्ष असतं, कलमं असतात, आर.सी.सी. नंबर असतो, न्यायालयाच्या नक्कल विभागातून रीतसर तिकीट लावून काढलेल्या नकला असतात, जखमी अवस्थेतला त्याचा स्वतःचा रंगीत फोटो असतो. फिर्यादीच तो आहे. आता हा नंबर घेऊन संकेतस्थळावर जा. बघा कसं पटकन सापडतं! एवढं करोडो रुपयांचं संगणकीकरण उगाच नाही केलेलं. फक्त चुलता बोलला त्यातलं निम्मं त्याच्या तीन गुंठ्यांच्या हिशेबात वजा करा. आणि निकाल ‘निर्दोष मुक्तता’ असा असेल तर तोही वाचा, चुलता ते पान पिशवीच्या तळाशी ठेवतो. आरोपी आणि गुन्हेगार यांत कायदा फरक करतो. तुमची मावशी करत नाही, ‘काहीतरी असल्याशिवाय का?’ म्हणते, आणि शेवटी निर्णय मावशीचा असतो.

एका प्रकारच्या माणसासाठी मात्र यातलं काहीच करावं लागत नाही. मुलाच्या घरात कुणी विधानसभेला उभं राहिलेलं असेल तर त्याने आपल्यावरचे गुन्हे शपथपत्रात स्वतःच्या सहीने लिहून दिलेले असतात, आणि २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून ते प्रचाराच्या काळात तीनदा वर्तमानपत्रात छापायचे असतात, तेही निवडणूक आयोग म्हणतो त्याप्रमाणे किमान बारा आकाराच्या टंकात. १३ फेब्रुवारी २०२० पासून पक्षालाही कारण द्यावं लागतं की गुन्हे नसलेला दुसरा कुणी का सापडला नाही. ‘निवडून येतो म्हणून’ हे कारण चालत नाही. म्हणून पक्ष लिहितात की उमेदवार लोकप्रिय आहे, समाजसेवक आहे आणि गुन्हे राजकीय सूडातून आहेत. त्या जाहिराती शोधायला जुनी वर्तमानपत्रं चाळा. गावात ती रद्दीत सापडतील, नाहीतर भेळेखाली. सगळं स्वच्छ छापलेलं असतं, क्रमांक, कलम, ठाणं, न्यायालय, आणि मतमोजणीला त्याने काही फरक पडल्याचं दिसत नाही. अशा घरातलं स्थळ असेल तर मावशीही विरघळते. ‘एवढ्या मोठ्या माणसांवर केसेस असायच्याच,’ म्हणते.

इतकी सगळी धावपळ झाल्यावर मध्यस्थांचा फोन येईल. तो नीट ऐका. मुलाकडच्यांनी तुमची चौकशी कधीच पूर्ण केलेली असते. त्यांना संकेतस्थळ लागलं नाही, अर्ज लागला नाही. मुलाच्या मामाने तुमच्या मूळ गावच्या एका माणसाला एक फोन केला, एवढंच. तुमच्या सख्ख्या भावाने तुमच्यावर वाटणीचा दावा लावलाय हे त्यांना ठाऊक आहे, त्याचा दिवाणी क्रमांक ठाऊक आहे, पुढची तारीख तुमच्याआधी ठाऊक आहे. १९९८ च्या जत्रेत तुमच्यावर झालेली चॅप्टर केसही निघाली आहे, जिचा कागद तहसीलमध्ये आता कुणालाही सापडणार नाही. मामांचं म्हणणं आहे, घराणं बरं दिसतंय, एवढं तेवढं चालायचंच, पण सोन्याचं एकदा समोरासमोर बोलून घेतलेलं बरं.