स्मृतिभ्रंशाच्या घराला कौतुक नको, दोन तासांची सोबत हवी

सोलापुरात एखाद्या घरी कोणी अंथरुणाला खिळले, तर शेजारपाजारचे लोक डबा घेऊन येतात आणि दवाखान्यात रात्री थांबायची तयारी दाखवतात. स्मृतिभ्रंश झालेले माणूस मात्र चालते-बोलते असते, अंगाने धडधाकट दिसते, आणि म्हणून त्या घरालाही हाताशी माणूस हवे आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. "वय झाले की असे व्हायचेच" असे म्हणून, सुनेच्या सेवेचे दोन शब्द कौतुक करून पाहुणे उठतात. माझ्या सासूबाईंना हा आजार आहे आणि मला आज स्पष्टपणे लिहायचे आहे की या घरांना सगळ्यात जास्त कमी पडते ती सोबत.

आधी एक गैरसमज दूर व्हायला हवा. स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार आहे, वयाचा अटळ भाग नव्हे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीच्या पुढच्या सुमारे 7.4 टक्के, म्हणजे जवळपास 88 लाख लोकांना तो आहे. शिवाय बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड, नैराश्य किंवा पडल्यानंतर मेंदूभोवती साचलेले रक्त यांमुळेही विसर पडतो आणि त्यावर उपचार होऊ शकतात. म्हणून वय म्हणून सोडून न देता तपासणी करून घ्यावीच. ही तपासणी रुग्णाच्या मातृभाषेत व्हावी, हा आग्रह आपल्या शहरात तर धरलाच पाहिजे. येथे मराठीबरोबरच तेलुगू, कानडी आणि दखनीही घराघरांत बोलली जाते, आणि तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातल्या एखाद्या आजींना मराठीत प्रश्न विचारून त्यांच्या स्मरणशक्तीला गुण देणे हा त्यांच्यावर अन्यायच आहे.

सासूबाईंचे माहेर अक्कलकोट तालुक्यातले, त्यामुळे त्यांची मूळ बोली कानडी. उभा संसार त्यांनी मराठीत केला, पण या आजारात नंतर शिकलेली भाषा आधी मागे सरू शकते, आणि आमच्या घरी तसेच झाले. दिवेलागणीला त्या उठतात, पदर सारखा करतात आणि "अव्वा (आई) वाट बघत असेल, मला घरी सोडा" असे कानडीत म्हणत दाराची कडी चाचपू लागतात. संध्याकाळी असा अस्वस्थपणा वाढणे हे या आजाराचे ओळखीचे लक्षण आहे. अव्वा जाऊन कितीतरी वर्षे झाली, असे सांगितले तर त्यांच्यासाठी ती त्या क्षणी गेलेली असते आणि त्यांचे रडणे आवरत नाही. म्हणून मी वाद घालत नाही. दिवा लवकर लावते, गावच्या ज्वारीची, विहिरीची चौकशी करते आणि सुपात भुईमुगाच्या शेंगा घालून समोर ठेवते. शेंगा फोडताना त्यांची बोटे आजही चुकत नाहीत. टरफले एकीकडे, दाणे एकीकडे, खवट दाणा नेमका बाजूला. समोरच्या काकू कानडी बोलणाऱ्या आहेत. त्या येऊन शेजारी बसल्या की कडीकडे जाणे थांबते, आणि तेवढ्यात माझ्या भाकरी होतात, कधी नुसतेच पडून राहता येते. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेतच, पण त्या आजार बरा करत नाहीत. काकूंच्या येण्याने मात्र आम्हा दोघींची संध्याकाळ सुकर होते.

व्यवहाराचे म्हणाल, तर बँकेची आणि मालमत्तेची कामे आजाराच्या सुरुवातीलाच, रुग्णाला समजते आहे तोवर, त्यांच्या इच्छेने करून घ्यावीत. साधे मुखत्यारपत्र करून निर्धास्त राहू नये, कारण ते देणाऱ्याची निर्णयक्षमता गेली की कायद्याने ते संपुष्टात येते, आणि मग पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागू शकते. संयुक्त खाते, नॉमिनीची नोंद आणि मृत्युपत्र वेळेवर झाले तर पुढचा पुष्कळ त्रास वाचतो. गड्ड्याच्या यात्रेत किंवा बाजारात नेताना बटव्यात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असावीच.

सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान कार्डावर वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत उपचार देण्याची योजना 2024 मध्ये सुरू झाली, तिचे मी मनापासून स्वागत करते. पण ती रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते आणि हा आजार वर्षानुवर्षे घरातच काढावा लागतो. घरी सांभाळणाऱ्या बाईची मोडलेली झोप आणि सुटलेली नोकरी कोणत्याही कार्डात बसत नाही. ज्येष्ठांसाठीची 14567 आणि मानसिक आधारासाठीची 14416 ही टेलिमानसची सेवा या दोन्ही सरकारी हेल्पलाइन आहेत. फार कोंडी झाली तर तेथे बोलावे, त्यात कमीपणा मुळीच नाही.

माझी मागणी मोठी नाही. आपल्याकडे ज्येष्ठ नागरिकांची विरंगुळा केंद्रे आहेत. तेथे आठवड्यातून दोन दुपारी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना बसवून घ्यावे, सोबतीला नर्सिंगचे प्रशिक्षण घेतलेली एक व्यक्ती आणि रुग्णांच्या भाषा बोलणारे दोन-तीन स्वयंसेवक असावेत. आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत मी हा विषय लेखी मांडणार आहे. ज्यांच्या घरी असे माणूस आहे किंवा ज्यांना दुपारचा वेळ देता येईल, त्यांनी मला मेसेज करून आपला भाग आणि घरात बोलली जाणारी भाषा कळवावी.